बेटाभोवती मोटारीने : फेरीची आखणी कशी करावी

बेटाचा नकाशा समोर ठेवला की आखणीचे काम सोपे वाटू लागते. किनाऱ्याने एक रस्ता निघतो आणि तोच फिरून सुरुवातीच्या गावी येतो, तेव्हा एकूण किलोमीटरांना हाताशी असलेल्या दिवसांनी भागायचे आणि येईल त्या आकड्याप्रमाणे मुक्काम ठरवायचे, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. मुख्य भूमीवर हा हिशेब बऱ्यापैकी निभावून जातो, कारण तिथे एक रस्ता बंद झाला तर थोड्या अंतरावर दुसरा सापडतो. बेटावर मात्र मधला भाग बहुधा डोंगराचा, बर्फाचा किंवा घनदाट जंगलाचा असतो. गावे आणि रस्ते किनाऱ्याच्या पट्टीत दाटलेले असतात, आणि त्या पट्टीवरचा एखादा पूल वाहून गेला तर पलीकडच्या तीरावर दिसणाऱ्या गावी जाण्यासाठी उलट बाजूने जवळजवळ सगळ्या बेटाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची यादी करण्याआधी आपल्या मार्गातला सर्वांत कच्चा दुवा कोणता, हे शोधावे. बाकीचे निर्णय त्यानंतर बरेच सोपे होतात.

वर्तुळ खरोखर पूर्ण होते का?

हा प्रश्न बाळबोध वाटला तरी तो विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. हवाईतले काउआई हे बेट नकाशावर जवळजवळ गोल दिसते, पण त्याला मोटारीने पूर्ण फेरी घालता येत नाही. उत्तर किनाऱ्याचा रस्ता हाएना येथे केए किनाऱ्यापाशी संपतो, पश्चिमेकडून येणारा रस्ता दुसऱ्या टोकाला अडतो, आणि मधल्या ना पालीच्या उभ्या कड्यांवर रस्ता झालेलाच नाही. शेजारच्या ओआहूवरही काएना भूशिराला वळसा घालून मोटार नेता येत नाही. ग्रीसचे क्रीट बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्याने मोठा महामार्ग धावतो, मात्र दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने सलग किनारी रस्ता नाही आणि लूत्रोसारख्या गावी बोटीने किंवा पायीच जावे लागते. टास्मानियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तर रस्ताच नाही.

अशा ठिकाणी फेरीचा आग्रह सोडून घोड्याच्या नालासारखा मार्ग धरावा. एका टोकापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत यायचे असेल, तर जाताना कुठे थांबायचे आणि येताना कुठे, हे आधीच वाटून घ्यावे. नाहीतर जातानाच सगळे पाहण्याच्या नादात दिवस संपतो आणि परतीचा रस्ता नुसताच कंटाळवाणा होतो. नालाच्या दोन टोकांच्या मध्यावर एकाच ठिकाणी तीन-चार रात्री राहून दोन्ही बाजूंना दिवसाच्या फेऱ्या करणे हाही चांगला पर्याय आहे, विशेषतः सोबत लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील तर.

याच्या उलटही घडते. वर्तुळ पूर्ण होते, पण बेटाचा पाहण्याजोगा बराच भाग त्याच्या बाहेर राहतो. आइसलँडचा क्रमांक १चा महामार्ग सुमारे १,३२० किलोमीटरांचा असून तो १९७४ मध्ये दक्षिणेकडचा पूल झाल्यावर पूर्ण जोडला गेला. वायव्येचा वेस्टफ्योर्ड हा दंतुर किनाऱ्याचा भाग या महामार्गावर येत नाही, आणि पश्चिमेकडचे स्नायफेल्सनेस द्वीपकल्पही येत नाही. महामार्गाच्या लांबीवरून दिवस ठरवणाऱ्यांना हे दोन्ही सोडावे लागतात, किंवा ते जोडून घेऊन उरलेला प्रवास धावतपळत उरकावा लागतो. माझ्या मते आठवडाभराची सवड असेल तर अर्धे बेट नीट पाहावे. पूर्ण फेरी केल्याचे समाधान मोठे असले, तरी त्यासाठी रोज सहा-सात तास गाडीत बसणे हा तोट्याचा सौदा आहे.

कच्चा दुवा आणि त्याची जागा

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये रस्त्यापुरतीच जागा उरलेली असते तिथे, मोठी नदी समुद्राला मिळते तिथे, आणि दोन खोऱ्यांमध्ये एकच खिंड असते तिथे दुवा कच्चा असतो. जुलै २०११ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेला हिमनदीखालून आलेल्या पुराने मुलाक्वीस्ल नदीवरचा पूल नेला. तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत सुमारे आठवडाभर मोठ्या ट्रकांच्या साहाय्याने माणसे आणि गाड्या नदीपार केल्या जात होत्या. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपाने कायकोराजवळचा किनारी महामार्ग दरडींखाली गेला आणि तो पुन्हा खुला व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. रियुनियन बेटावर २००७ मध्ये पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीचा लाव्हा आग्नेय किनाऱ्याच्या रस्त्यावरून वाहत समुद्रात गेला. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर सुआओ ते हुआलिएन हा कड्याकडेचा रस्ता मुसळधार पावसाच्या अंदाजावरच खबरदारी म्हणून बंद ठेवला जातो.

भूकंपाचा अंदाज घेऊन सहल आखता येत नाही हे खरे. मात्र कोणता तुकडा वारंवार बंद पडतो हे त्या बेटाच्या रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर कळते, कारण तिथे चालू आणि नियोजित बंदची नोंद असते. तो तुकडा सापडला की त्याला वेळापत्रकाच्या पहिल्या अर्ध्यात बसवावे. तिसऱ्या दिवशी रस्ता बंद मिळाला तर थांबून वाट पाहता येते, मार्ग उलटा करता येतो, किंवा तो भाग वगळून उरलेले दिवस दुसरीकडे वापरता येतात. शेवटच्या आदल्या दिवशी तोच रस्ता बंद मिळाला तर विमान किंवा बोट चुकते. शक्य असेल तर त्या तुकड्याच्या पलीकडच्या मुक्कामाचे बुकिंग रद्द करण्याची मुभा असलेले घ्यावे, मग त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी हरकत नाही.

फेरी कोणत्या दिशेने घालावी

डाव्या बाजूने गाड्या चालतात अशा बेटावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने निघाले, की समुद्र कायम डावीकडे राहतो. निसर्ग पाहण्यासाठीचे थांबे बहुतेक समुद्राच्या बाजूला असतात, आणि समोरून येणारी वाहतूक न ओलांडता त्यांत शिरता व बाहेर पडता येते. उजव्या बाजूच्या वाहतुकीच्या बेटावर हाच फायदा उलट दिशेने मिळतो. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर दिवसातून दहा-पंधरा वेळा थांबायचे असेल, तर या एका निर्णयाने चालकाचा निम्मा ताण हलका होतो.

यात एक गोम आहे. समुद्राच्या बाजूने जाताना चालकाशेजारी बसलेली व्यक्ती थेट कड्याच्या अंगाला येते. उंचीची भीती असणारे कोणी सोबत असेल तर दिशा उलटी ठेवावी, म्हणजे गाडी डोंगराला लागून चालते. आयर्लंडमधल्या केरीच्या वळशासारख्या ठिकाणी सहलींच्या बस ठरावीक दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरतात. त्यांच्यामागे रेंगाळायचे की अरुंद वळणावर त्यांना समोरून भेटायचे, हे आपल्या सवयीवर ठरवावे; नवख्याने मागे राहणेच बरे, आणि सकाळी लवकर निघाल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो. ज्या दिवशी लांबचा टप्पा पश्चिमेकडे आहे, त्या दिवशी तो दुपारपर्यंत संपवावा, कारण मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर येत असताना किनारी वळणे घेणे त्रासाचे होते.

अंतर तासांत मोजावे

माउई बेटावर काहुलुईहून हानाला जाणारा रस्ता सुमारे ८४ किलोमीटरांचा आहे. त्यावर सहाशेहून अधिक वळणे आणि ५९ पूल आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक पूल एका वेळी एकाच गाडीला जाऊ देतात. मोकळ्या महामार्गावर तासाभरात संपणाऱ्या या अंतराला कुठेही न थांबता अडीच तास सहज लागतात, आणि धबधब्यापाशी एकदाही थांबायचे नसेल तर त्या रस्त्याला जाण्यातच अर्थ नाही. नकाशाचे ॲप जो वेळ दाखवते त्यात थांबे, कळप, एका गाडीपुरते पूल, फोटो आणि चहा धरलेला नसतो. किनारी रस्त्यासाठी ॲपने दाखवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ मी धरतो, आणि खडीचा रस्ता असेल तर दुप्पट. दिवसाला ॲपच्या हिशेबाने चार तासांहून जास्त गाडी चालवण्याचा बेत असेल, तर तो दिवस नुसताच प्रवासाचा समजावा आणि त्यात पाहण्याचे दुसरे काही कोंबू नये.

दिवसांची वाटणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. परतीचे विमान किंवा बोट हा एकच बिंदू हलवता येत नाही, त्यामुळे तो आधी कागदावर मांडावा. त्याच्या आदली रात्र विमानतळापासून किंवा बंदरापासून तासाभराच्या आतल्या गावी काढावी, आणि तो तास मोजताना वाटेत कच्चा दुवा येत नाही याची खात्री करावी. त्याआधी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. काही अडचण न आल्यास या दिवशी आवडलेल्या ठिकाणी आणखी एक रात्र राहता येते; अडचण आलीच तर हाच दिवस कामी येतो. दहा दिवसांच्या फेरीत दोन मोकळे दिवस ठेवले तरी ते वाया जात नाहीत. दर रात्री नवे गाव, नवी खोली, सामानाची तीच उचल-ठेव असा क्रम लागला की तिसऱ्या दिवसापासून सगळे चिडचिडे होतात, म्हणून निदान दोन ठिकाणी तरी सलग दोन रात्री राहावे.

दोन किनाऱ्यांचे दोन ऋतू

मुक्काम वाटताना हवामानही पाहावे लागते, कारण डोंगराळ बेटावर एकाच दिवशी दोन वेगळी हवामाने भेटतात. वारा समुद्रावरून बाष्प आणतो, डोंगराला धडकून वर चढतो, तिथे पाऊस पाडतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेकडच्या हिलो शहरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर काही ठिकाणी ३०० मिलिमीटरही पडत नाही. टास्मानियात पश्चिमेचे क्वीन्सटाउन चिंब भिजत असताना आग्नेयेच्या होबार्टला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटरच पाऊस मिळतो. श्रीलंकेत तर ऋतूच वाटले गेले आहेत : मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस गॉलच्या बाजूला आणि डोंगरांवर पडतो, तेव्हा त्रिंकोमालीचा किनारा उघडा आणि शांत असतो, डिसेंबरपासून ईशान्य वारे सुरू झाले की पूर्व किनारा भिजतो आणि दक्षिण-पश्चिमेला पोहण्याचे दिवस येतात. अशा बेटावर पूर्ण फेरी घातली तर एका किनाऱ्यावर पाऊस लागणारच, हे गृहीत धरून त्या बाजूला कमी रात्री ठेवाव्यात.

यासाठी संपूर्ण बेटाचा एकच हवामान अंदाज पाहून भागत नाही. मार्गावरच्या चार बाजूंची चार गावे निवडून त्यांचे अंदाज वेगवेगळे पाहावेत, आणि पावसाइतकेच लक्ष वाऱ्याच्या वेगाकडे द्यावे. उंच छताच्या कॅम्परव्हॅनला, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाडीला, वाऱ्याचा तडाखा साध्या मोटारीपेक्षा फार जास्त बसतो. आइसलँडमध्ये भाड्याच्या गाड्यांची एक ठरलेली हानी म्हणजे वाऱ्याने हिसकलेले दार. गाडी उभी करताना तिचे नाक वाऱ्याकडे करावे, दार उघडताना एक हात हँडलवर आणि दुसरा दाराच्या कडेवर घट्ट ठेवावा, आणि एका वेळी एकाच बाजूचे दार उघडावे. दार उलटे फिरून बिजागरी वाकली तर तो खर्च बहुतेक विमा योजनांत बसत नाही.

उजेडाचे तासही मोजावेत. रेक्याविकमध्ये जूनच्या शेवटी सुमारे २१ तास उजेड असतो आणि डिसेंबरच्या शेवटी जेमतेम चार तास. उन्हाळ्यातला पाच थांब्यांचा दिवस हिवाळ्यात दोन थांब्यांचा होतो. विषुववृत्ताजवळच्या बेटांवर हा फरक नसला, तरी तिथे संधिकाल आखूड असतो आणि सूर्य बुडाल्यावर पाहता पाहता काळोख होतो. अंधार टाळण्याचे दुसरे कारण प्राणी आहेत. टास्मानियात पहाटे आणि तिन्हीसांजेला वॉलबी (लहान कांगारू) व इतर प्राणी रस्त्यावर येतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मूस ही प्रचंड आकाराची हरणे येतात, आणि मूसची टक्कर गाडीतल्या माणसांच्याही जिवावर बेतू शकते. आइसलँडमध्ये उन्हाळाभर मेंढ्या मोकळ्या असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले तर वेग लगेच कमी करावा, कारण कोकरू ऐनवेळी आईकडे धाव घेते.

गाडी आणि करारातली बारीक अक्षरे

लहान बेटावर भाड्याच्या गाड्यांची संख्या मर्यादित असते. आयल ऑफ मॅनवर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला मोटारसायकलींच्या टीटी शर्यती होतात, तेव्हा सुमारे ६० किलोमीटरांच्या मार्गावरचे सार्वजनिक रस्ते सराव आणि शर्यतीच्या वेळी बंद राहतात आणि बोटींच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. असे काही आपल्या तारखांना येत नाही ना, हे पाहून गाडी विमानाच्या तिकिटासोबतच राखून ठेवावी. स्वयंचलित गिअरची गाडी हवी असेल तर आणखी लवकर, कारण अनेक ठिकाणी त्या थोड्याच असतात. आकाराने लहान गाडी घ्यावी. बेटावरचे जुने रस्ते, गावातल्या गल्ल्या आणि बोटीचे भाडे या तिन्ही बाबतींत लहान गाडी सोयीची पडते, आणि सामान मावत नसेल तर सामान कमी करावे.

करार वाचताना रस्त्यांवरची बंधने आधी शोधावीत. कच्च्या रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर किंवा नदी ओलांडताना झालेले नुकसान विम्यात येत नाही, असे कलम बहुतेक ठिकाणी असते. आइसलँडमध्ये एफ या अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर चारही चाकांना जोर देणारी गाडीच न्यावी लागते, आणि तशी गाडी घेतली तरी नदीत इंजिनात शिरलेल्या पाण्याचा खर्च आपल्यालाच भरावा लागतो. विम्याचे पर्याय घेताना काच, टायर, गाडीचा तळ आणि खडीचा मार ही चार नावे करारात आहेत की नाहीत ते पाहावे. किनारी रस्त्यांवरचे खरे नुकसान बहुधा यांतलेच असते. ज्वालामुखीच्या बेटावर वाळू आणि राखेच्या वादळाचा विमा वेगळा विकला जातो. तो पूर्वी मला दुकानदारी वाटत असे, पण वाऱ्याने उडालेल्या राखेने गाडीचा रंग पत्र्यापर्यंत खरवडला जातो हे कळल्यावर, वाऱ्याच्या मोसमात तो घेण्यात शहाणपण आहे असे म्हणावे लागते.

दुसरे कलम गाडी बेटाबाहेर किंवा सीमेपार नेण्याविषयीचे. न्यूझीलंडच्या दोन बेटांमधली बोट साधारण साडेतीन तासांची आहे, पण काही कंपन्या एक गाडी एका बंदरावर सोडून पलीकडे दुसरी घ्यायला सांगतात. सायप्रसमध्ये दक्षिणेत घेतलेल्या गाडीचा विमा उत्तर भागात चालत नाही. सीमेवर वेगळा विमा विकत घ्यावा लागतो, तोही आधी कंपनीची परवानगी असेल तरच. आयर्लंड बेटावर प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधली सीमा रस्त्यावर जाणवतही नाही, मात्र वेगमर्यादेचे फलक किलोमीटरवरून मैलावर जातात. एका बाजूला ६० चा फलक म्हणजे ताशी ६० किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला त्याच आकड्याचा अर्थ सुमारे ९७ किलोमीटर. चलनही युरोवरून पौंडावर जाते आणि प्रवेशाचे नियम दोन देशांचे असतात, त्यामुळे व्हिसा दोन्हीकडचा लागतो का, हे आधी तपासावे.

चालक परवान्याबाबत दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय परवान्याचे एकाहून अधिक नमुने आहेत, आणि उदाहरणार्थ जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय परवाना मान्य होतो. मूळ परवाना सोबत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याचा उपयोग नाही. अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडवली जाते, म्हणून ज्याचे कार्ड त्याच्याच नावे गाडी घ्यावी आणि दुसऱ्या चालकाचे नाव करारात लिहून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, छताचा, काचेचा, चाकांच्या कडांचा आणि आतल्या किलोमीटरच्या आकड्याचा सलग व्हिडिओ काढावा. सुटे चाक आणि जॅक खरोखर आहेत की फक्त हवा भरण्याचा संच दिला आहे, हे डिकी उघडून पाहावे. निर्जन किनाऱ्यावर हा फरक फार मोठा ठरतो.

अरुंद रस्त्यावरचा व्यवहार

स्कॉटलंडच्या स्काय आणि मल या बेटांवर बरेच रस्ते एका गाडीच्या रुंदीचे आहेत आणि ठरावीक अंतरावर बाजूला होण्यासाठी फुगवटे ठेवले आहेत. समोरून गाडी येताना दिसली की ज्याला फुगवटा जवळ असेल त्याने थांबायचे. तो फुगवटा आपल्या डावीकडे असेल तर त्यात शिरावे. उजवीकडे असेल तर त्यात न शिरता त्याच्या समोर आपल्याच कडेला उभे राहावे, म्हणजे समोरचा त्यात वळून निघून जातो. मागून स्थानिक गाडी घाईत असेल तर तिलाही याच जागी पुढे जाऊ द्यावे. तिथे गाडी लावून फिरायला जाणे हा मोठा उपद्रव समजला जातो, आणि तो रास्तच आहे.

एका गाडीपुरत्या पुलांचे नियम देशागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये निळ्या चौकोनी फलकावर मोठा पांढरा बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण आधी जायचे, आणि लाल कडेच्या गोल फलकावर आपला बाण लहान व लाल असेल तर थांबायचे. आइसलँडमध्ये साधारणपणे पुलाच्या जवळ आधी पोहोचलेली गाडी आधी जाते, पण तिथेही वेग कमी करून समोरच्याचा अंदाज घेतल्याशिवाय पुलावर चढू नये.

भरतीच्या वेळी बुडणारे रस्ते हा वेगळाच प्रकार आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नला जाणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, फ्रान्समधील न्वारमुतिए बेटाला जोडणारा सुमारे चार किलोमीटरांचा गुआचा रस्ताही तसाच. तिथे सुरक्षित वेळांचे तक्ते जाहीर होतात आणि ते काटेकोरपणे पाळायचे असतात. पाणी अजून उथळ दिसते म्हणून निघालेल्यांच्या गाड्याच दरवर्षी अडकतात. ऑस्ट्रेलियाच्या क्गारी बेटावर किनाऱ्याची वाळू हाच रस्ता असतो, आणि पूर्ण भरतीच्या आधी व नंतर दोन-दोन तास गाडी न चालवण्याचा सल्ला तिथे दिला जातो.

बोटीने गाडी नेताना

बोटीचे तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची द्यावी लागते, आणि छतावरची पेटी किंवा मागच्या सायकली त्यात मोजल्या जातात. चुकीचा आकडा दिल्यास बंदरावर जागा नाकारली जाऊ शकते. बोट सुटण्याची वेळ आणि गाड्या घेणे बंद होण्याची वेळ यांत बहुधा अर्धा ते एक तासाचे अंतर असते. वेळापत्रकात दुसरी वेळ लिहून ठेवावी. आत गेल्यावर कर्मचारी दाखवतील तिथे दोन गाड्यांच्या फटीत गाडी उभी करावी लागते, तेव्हा जॅकेट, पाणी, औषधे आणि फोन आधीच पुढच्या आसनावर काढून ठेवलेले बरे. हँडब्रेक ओढावा, गिअर अडकवून ठेवावा, चोरघंटा बंद करावी, कारण लाटांच्या हेलकाव्याने ती वाजत राहते. मग मजल्याचा क्रमांक आणि जिन्याच्या दाराचा रंग यांचा फोटो काढावा. प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर सहसा परत जाऊ देत नाहीत, आणि उतरायच्या वेळी चारही जिने सारखेच दिसतात.

वाऱ्यामुळे बोट रद्द होणे ही बेटांवर नित्याची गोष्ट आहे. दिवसातली शेवटची बोट कधीही धरू नये. तिच्या आधीची धरली तर हातात एक संधी उरते.

इंधन, पैसे, नकाशा

टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरावी, मग तो पंप महाग का असेना. अनेक पंपांवर माणूस नसतो आणि यंत्राला चार अंकी पिन असलेले कार्ड लागते, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचा पिन चालतो का ते पाहावे आणि थोडी रोख रक्कम बाळगावी. विजेवर चालणारी गाडी असेल तर चार्जरच्या जागा मुक्कामांशी जुळवाव्यात, कारण किनाऱ्याच्या विरळ बाजूला एक चार्जर बिघडला तर दुसरा बराच लांब असतो. काही बोगद्यांना टोलनाका नसतो. आइसलँडच्या उत्तरेला आकुरेरीजवळचा वाद्लाहेदी बोगदा तसाच आहे : कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरायचे असतात, न भरल्यास ते भाडे कंपनीकडून वाढीव शुल्कासह आपल्या कार्डावर येतात.

संपूर्ण बेटाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि मुक्कामांचे पत्ते कागदावरही लिहावेत. ॲप जवळचा म्हणून जो मधला रस्ता सुचवते तो डोंगरातला कच्चा रस्ता असू शकतो, म्हणून क्रमांक नसलेल्या रस्त्यावर वळण्याआधी तो करारात चालतो का ते आठवावे. कॅम्परव्हॅन कुठेही उभी करून झोपता येते हा समज बहुतेक बेटांवर आता खोटा ठरतो. आइसलँडमध्ये कॅम्परव्हॅनचा मुक्काम ठरवून दिलेल्या तळांवरच करावा लागतो, आणि काउआईच्या हाएना उद्यानासारख्या ठिकाणी तर बाहेरच्या पाहुण्याला दिवसाच्या प्रवेशासाठीही आगाऊ नोंदणी करावी लागते.

गाडी परत करायच्या सकाळी कार्यालयाच्या जवळचा पंप कोणता आणि तो किती वाजता उघडतो, हे आदल्या रात्रीच बघून ठेवावे. कार्यालय उघडण्याआधी किल्ली पेटीत टाकायची असेल, तर गाडी उभी केल्यावर इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा आणि चारही बाजू यांचे फोटो त्याच जागी काढावेत आणि अनामत रक्कम परत येईपर्यंत ते फोनमधून काढू नयेत.